गावाचं नाव इंटरनेटच्या सातबाऱ्यावर कोणाचं?

पांदणवाट (धागाकर्ता), सोमवार रात्री ९:५२

राजेहो, हा धागा काढायचं कारण आधी सांगतो. वरूडकडे आमचा सोळा संत्रावाल्यांचा गट आहे. काही वर्षांमागे वर्गणी करून वेबसाईट काढली, तिला गटाचं नाव न देता आमच्या गावाचंच नाव दिलं, पुढे डॉट कॉम. ज्या पोरानं बनवून दिली त्यानं ते नाव, ज्याला डोमेन म्हणतात, स्वतःच्या ईमेलवर घेतलं. आम्हाला त्यातलं काय समजते, साईट दिसली, संत्र्याचे फोटो दिसले, पोराले चहा-पोहे देऊन मोकळे झालो. तो पुढे नोकरीसाठी बंगलोरला गेला, त्याचा मेल बदलला, नूतनीकरणाच्या सूचना त्या जुन्या मेलवर जात राहिल्या अन ऐन आंबियाच्या तोडणीत साईट गायब. पेटीवर, कार्डावर, बॅनरवर सगळीकडे तोच पत्ता छापलेला. आता तो उघडला की रमीच्या जाहिराती येतात. हैद्राबादच्या एका व्यापाऱ्यानं फोन करून विचारलं, भाऊ संत्रा सोडून पत्ते कुटायले लागले काय? सगळे हसले, मी पण हसलो, पण रात्री झोप नाही आली. आमच्या गावाचं नाव आहे ते, पणज्याच्या आधीपासून आहे, अन ते आता कोण्या अनोळखी माणसाकडे आहे जो ते गाव नकाशात दाखवू नाही शकणार.

मग मी वाचायला बसलो. न्यूयॉर्कमध्ये क्वीन्स म्हणून भाग आहे, तिथल्या ३ नंबरच्या कम्युनिटी बोर्डानं, आपल्याकडची प्रभाग समिती समजा, २००१ च्या एप्रिलमध्ये ठराव घेतला होता की आमच्या शहराला इंटरनेटवर स्वतःचं शेपूट पाहिजे, डॉट कॉम सारखं डॉट एनवायसी. ते सगळ्यांसाठी उघडलं २०१४ च्या ऑक्टोबरात. तेरा वर्ष लागली. (आपल्याकडे प्रभागाचा ठराव तेरा वर्षांत निघाला तर लोक पेढे वाटतील, तो भाग निराळा.) बर्लिन त्याच वर्षी मार्चमध्ये आलं होतं. लंडन, पॅरिस, टोकियो आहे, आफ्रिकेतलं केपटाऊन, डर्बन, जोबर्ग पण आहे. भारतातलं एकही शहर नाही. मुंबई नाही, दिल्ली नाही, नागपूर तर दूरच.

आता म्हणाल याचा आपल्याला फायदा काय. शहराच्या नावात पैसा असते हे आपल्याला शिकवायची गरज नाही. इंग्रजांच्या काळात लिव्हरपूलच्या बाजारात वऱ्हाडच्या कापसाला ‘ऊमरा’ म्हणत, उमरावती म्हणजे आपली अमरावती, तिच्यावरून. कापूस खामगावचा असो की दर्यापूरचा, गाठीवर नाव अमरावतीचं. संत्र्याचं आज तेच आहे, झाडं वरूड-मोर्शीत अन पेटीवर नागपुरी. नागपूर संत्र्याला २०१४ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला, म्हणजे नाव मातीचं असते हे सरकारनं पण मानलं. मग मातीचं नाव इंटरनेटवर आल्यावर जो पहिले पैसे भरंन त्याचं कसं काय होते?

समजा डॉट अमरावती असलं. संत्रा डॉट अमरावती, एसटी डॉट अमरावती, रक्तपेढी डॉट अमरावती. म्हाताऱ्या माणसाला पण समजंन असा पत्ता. डॉट कॉममध्ये सगळी लहान सोपी नावं कधीच गेली, तिथं आमच्या पानठेल्यावाल्याला नाव घ्यायचं तर पंधरा अक्षरं अन मधात दोन आडव्या रेघा. नव्या शेपटात त्याले ‘पानठेला’ एवढंच भेटू शकते. अन सगळ्यात मोठी गोष्ट, डॉट एनवायसी घ्यायचं तर न्यूयॉर्क शहरात खरा पत्ता लागते, पोस्टाची पेटी चालत नाही. आपल्याकडे खोटे कस्टमर केअर नंबर टाकून किती लोकांचे खाते रिकामे केले, प्रत्येक गावात एक तरी असंन. ज्याचं दुकान जिल्ह्यात आहे त्यालाच जिल्ह्याचं नाव, एवढं झालं तरी अर्धी कामं झाली.

माझं म्हणणं असं की मागणी लावून धरायला पाहिजे. बोला.


वायफळ_बोलू_नका, सोमवार रात्री १०:२०

हाओ ना भाऊ. आमच्या इकडं नळाले चार दिसाआड पाणी येऊन राहिलं, पांदणीत ट्रॅक्टर फसून राहिला, अन तुमाले इंटरनेटवर शेपूट पायजे. उद्या म्हणसान डॉट पांदण पायजे. तसं म्हटलं तं ते बरं राहीन, उघडलं की फसला.

पण रमीवाला किस्सा एक नंबर. त्या व्यापाऱ्याले म्हणा पत्ते कुटूनच संत्र्याचा तोटा भरून काढून राहिलो.


सर्व्हरवाला, सोमवार रात्री ११:४१

मूळचा हिंगणघाटचा, पुण्यात हेच काम करतो, म्हणून खर्चाचं सांगतो, नाहीतर लोक इथं सह्या गोळा करायला लागतील.

ही शेपटं आयकॅन नावाची संस्था देते. २०१२ मध्ये तिनं अर्ज घेतले तेव्हा एका अर्जाची फी १,८५,००० डॉलर होती आणि जगभरातून १,९३० अर्ज आले. बर्लिन, लंडन सगळे त्या फेरीतले. पुढची फेरी तब्बल १४ वर्षांनी, २०२६ च्या ३० एप्रिलपासून, आणि फी २,२७,००० डॉलर. म्हणजे दोन कोटी रुपयांच्या आसपास, आणि ती नुसत्या अर्जाची. मिळाल्यावर आयकॅनला वर्षाची फी वेगळी, मागच्या फेरीच्या करारात ती २५,००० डॉलर होती, एकही नाव विकलं गेलं नाही तरी भरायची. वरून रजिस्ट्री, म्हणजे नावांची नोंदवही, चालवणारी कंपनी लागते, सगळ्या नोंदींची एक प्रत तिसऱ्याकडे ठेवावी लागते, म्हणजे उद्या तुम्ही बुडालात तर दुसऱ्याला ते चालवता आलं पाहिजे. गरजू संस्थांना फीमध्ये ७५ ते ८५ टक्के सूट द्यायची योजना आयकॅननं काढली होती, पण सूट अर्जाच्या फीत, पुढचा दरवर्षीचा खर्च तुमचाच.

आणि एवढं करून लोक घेतात का? डॉट बर्लिन २०१४ मध्येच काही दिवस फुकट वाटलं तर आकडा लाखाच्या वर गेला, आणि वर्षानं पैसे भरायची वेळ आली तेव्हा लोक गळाले. साडेतीन लाख... चुकलो, साडेतीन मिलियन लोकांचं शहर आहे ते, राजधानी आहे. अमरावतीत किती दुकानदार दरवर्षी दोन हजार भरतील? खरं सांगा.

दुसरी भानगड नावाचीच. आपली अमरावती इंग्रजीत लिहा आणि आंध्रची अमरावती लिहा, मधल्या एका ए चा फरक. असं एकसारखं दिसणारं नाव दोघांना मिळत नाही, कारण लोक फसतात. आंध्रवाले राजधानी बांधून राहिले, त्यांच्यापुढे आपण अर्ज घेऊन उभं राहायचं?


पांदणवाट, मंगळवार सकाळी ६:१५

आंध्रचं माझ्या डोक्यातच नव्हतं आलं. पण मग उलटं विचारतो, उद्या तिसराच कोणी आला, कंपनी म्हणा, अन तिनं अमरावती नावाचा अर्ज टाकला तर? आपल्याला विचारतील तरी का?


सर्व्हरवाला, मंगळवार सकाळी ९:०५

इथंच गोम आहे. देशाच्या राजधानीचं नाव असेल तर सरकारचं संमतीपत्र लागतंच. राज्य किंवा प्रांताचं असेल तरी लागतं. टाटा समूहानं डॉट टाटा मागितलं तेव्हा त्यांना मोरोक्कोकडून संमती आणावी लागली, कारण मोरोक्कोत टाटा नावाचा प्रांत आहे. जमशेदजींना स्वप्नात पण वाटलं नसेल. पण साध्या शहराच्या नावाला २०१२ चा नियम असा होता की ते नाव तुम्ही त्या शहरासाठीच वापरणार असाल तर संमती आणा. कंपनी म्हणाली हे आमच्या साबणाचं नाव आहे, शहराशी आमचा काय संबंध, तर पत्र लागत नाही. सरकार नंतर हरकत घेऊ शकतं. अर्जेंटिनानं पॅटागोनियासाठी घेतली आणि त्या कपड्याच्या कंपनीनं २०१३ मध्ये अर्ज मागे घेतला. ॲमेझॉनच्या नावासाठी ब्राझील आणि पेरू कित्येक वर्ष भांडले, शेवटी ते कंपनीलाच गेलं. नदी त्यांची, जंगल त्यांचं, नाव कंपनीचं.


काळीमाती, मंगळवार दुपारी १:३०

पोस्ट मोठ्या मोठ्या पण मुद्दा एकच विचारतो, वेबसाईट पाहते कोण? आमच्या गावात सगळा व्यवहार व्हाट्सॲपवर चालते. तुरीचा भाव, बैल विकणे, कोणाचं लग्न, कोण वारलं, सगळं एका ग्रुपवर. कृषी केंद्रवाला खत आलं की फोटो टाकते, अर्ध्या तासात गर्दी. त्याले डोमेन कायले पाहिजे? नकाशात दुकान टाकलं की रस्ता पण दाखवते, फुकट. हे डोमेन-बिमेन दहा वर्षांमागचं झालं.


आर्वीची_लेक, मंगळवार रात्री ८:४८

काळीमाती दादा, तुमचं बरोबर आहे जोवर चालते तोवर.

आमचा बारा बायांचा बचत गट आहे, सांडगे, मुगवड्या, आंबाडीचं सरबत, उन्हाळ्यात कुरड्या. आम्ही पण सगळं एका ॲपवरच करायचो, नाव नाही घेत. पेजवर पाच वर्षांचे गिऱ्हाईक, पुण्या-मुंबईच्या बाया ज्यांना माहेरची चव पाहिजे त्या तिथूनच यायच्या. एका दिवशी पेज बंद. का बंद, काही सांगत नाही, अपील करा म्हणते, अपील केलं तर मशीनच उत्तर देते. कोणाला फोन करायचा? कोणत्या ऑफिसात जायचं? तहसीलीत निदान माणूस तरी बसलेला असते, तो ओरडते पण दिसते तरी. आमचं दिवाळीचं गिऱ्हाईक सगळं गेलं. नवीन पेज काढलं तर शंभर लोक पण नाही आले, कारण जुन्यांना कसं सांगायचं नवं कुठं आहे, त्यांचे नंबर आमच्याकडे नव्हतेच, सगळे तिथंच होते.

तेव्हा कळलं की दुकान दुसऱ्याच्या ओसरीत मांडलं होतं. डोमेनचा फायदा मला एवढाच दिसते, खालचं काही पण बदला, आज हे ॲप उद्या ते, पाटी तीच राहते. मागच्या वर्षी मी आठशेच्या आत एक डॉट इन घेतलं. माझ्या नावावर, माझ्या मेलवर, अन नूतनीकरणाची तारीख स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लाल पेनानं. त्यावर अजून साईट पण नाही बरं का, ते नाव उघडलं की सरळ आमच्या व्हाट्सॲपवर जाते. पण पाकिटावर छापलंय ते नाव. डॉट आर्वी असतं तर छानच दिसलं असतं, दोन कोटींचं ऐकून मात्र घाम फुटला.


काळीमाती, मंगळवार रात्री ९:१०

ताई, पाटीवालं पटलं. सांडगे पाठवता का यवतमाळला?


आर्वीची_लेक, मंगळवार रात्री ९:१२

व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा दादा.


लिपीवेडा, बुधवार सकाळी १०:३३

सगळे इंग्रजीतच बोलून राहिले म्हणून आलो. डॉट भारत आहे की, देवनागरीत, २०१४ च्या ऑगस्टमध्ये सुरू झालं, मराठीही त्यात चालते. म्हणजे पूर्ण पत्ता मराठीत लिहिता येतो. अमरावती डॉट भारत लिहिलं तर आंध्रशी ए चा वादच नाही. (देवनागरीत दोन्ही अमरावती अगदी सारख्याच, म्हणजे वाद उलट वाढला, हे लिहिता लिहिता लक्षात आलं, असो.)

पण गंमत आपल्याच नावाची आहे. ‘वऱ्हाड’ लिहा. तो अर्धा र कॉम्प्युटरला दोन पद्धतींनी देता येतो. एक म्हणजे खाली टिंब असलेला ऱ घेऊन त्याला हलन्त. दुसरी, साधा र, हलन्त आणि त्यानंतर डोळ्याला न दिसणारं एक जोडचिन्ह. दिसायला दोन्ही वऱ्हाड हुबेहूब. कॉम्प्युटरसाठी ती दोन वेगळी नावं. तुमच्या फोनचा कीबोर्ड एक लिहिणार, माझा जुना टंक दुसरं लिहिणार, आणि एक पत्ता उघडेल, दुसरा म्हणेल असं काही नाहीच. पंढरपूरकडच्या माणसाला त्रास नाही, दर्यापूरच्या माणसाला नाही, पण आपल्या पूर्ण मुलखाच्या नावातच ती खोच. तऱ्हा, कऱ्हा, गोऱ्हा, बिऱ्हाड सगळ्यांची तीच कथा.

शिवाय मराठी पत्ता असलेला ईमेल कितीतरी फॉर्म आजही घेत नाहीत, लाल अक्षरात चुकीचा मेल म्हणतात. मी एक घेऊन ठेवलाय, हौस म्हणून. त्यावर आजवर एकच मेल आला, मीच पाठवलेला.


वायफळ_बोलू_नका, बुधवार दुपारी १२:०२

मंग सरळ डॉट विदर्भ मांगा ना बे. ना जोडाक्षराचा लफडा… आहे, भ वर रफार आहे. जाऊ द्या.

पण खरंच सांगतो, डॉट विदर्भ निंगालं तं राज्य निंगाल्यावाणी वाटंन. नागपूर करार १९५३ चा, तवापासून वाट पाहून राहिलो, हिवाळ्यात अधिवेशन येते, हुरडा खाते अन जाते. इंटरनेटवर तरी वेगळे होऊ.


सर्व्हरवाला, बुधवार दुपारी २:१५

हसण्यावारी नेऊ नका, याला उदाहरण आहे. डॉट कॅट. मांजरीचं नाही, कॅटलान भाषेचं आणि संस्कृतीचं, २००५ मध्ये मंजूर झालं, आणि देश नसतानाही लोकांनी ते खरंच वापरलं, कारण भाषेवर जीव होता. पण २०१७ च्या सप्टेंबरात, कॅटलोनियाच्या स्वातंत्र्याच्या सार्वमताच्या आधी, स्पेनच्या पोलिसांनी त्या रजिस्ट्रीच्या ऑफिसवर धाड टाकली, तिथल्या माणसाला अटक केली, कारण सार्वमताच्या साईट त्या शेपटाखाली होत्या. म्हणजे शेपूट तुमचं असलं तरी त्याचा खुंटा कोणाच्या तरी जमिनीतच रोवलेला असतो.


पटवारीकाका, बुधवार रात्री ९:३७

मंडळी, मला संगणकातलं फार समजत नाही, नातू वाचून दाखवतो आणि टाईप करून देतो. पण चर्चा नावाची आणि हक्काची चालली आहे, त्यात हयात गेली, म्हणून लिहितो. भंडाऱ्याकडे नोकरी झाली, पटवारी म्हणूनच निवृत्त झालो, तलाठी हा शब्द आमच्याकडे कागदावरच.

नातवाला विचारलं, हे डोमेन विकत घेतल्यावर कायमचं होतं का? म्हणाला नाही, जास्तीत जास्त दहा वर्षांचं भरता येतं, पुढे पुन्हा भरायचं. म्हणजे ही मालकी नाही, ही नझूलची, म्हणजे सरकारी जागेची, लीज आहे. नझूलच्या जागेवर लोकांनी तीन मजली घरं बांधली आणि लीज संपल्याची नोटीस आली तेव्हा जागे झाले, असे किती पाहिले. पांदणवाट, तुमच्या गटाचं तेच झालं. तुम्ही घर बांधलं आणि पट्टा त्या पोराच्या नावानं राहिला. त्या पोराला दोष देऊ नका, फेरफार करून घ्यायचं काम तुमचं होतं.

आता शहराच्या नावाबद्दल. आमच्या भागात मालगुजारी होती, म्हणजे सारा भरणारा मालगुजारच गावाचा मालक. १९५१ मध्ये ती गेली तेव्हा प्रश्न पडला की गावाची चराई, जळतण, बैलगाडीचं लाकूड, बांबू, मामा (माजी मालगुजारी) तलावाचं पाणी, स्मशान, खळवाडी हे कोणाचं? मालगुजाराचं नाही, मग सरकारचं? सरकारचं झालं तर गावानं जायचं कुठं? त्यासाठी निस्तारपत्रक होतं आणि वाजिब-उल-अर्ज, म्हणजे गावच्या रूढींची नोंद, होतं, ते आजही महाराष्ट्राच्या महसूल कायद्यात आहेत. निस्तारपत्रकात लिहिलेलं असतं की या गावच्या माणसाला या गट नंबरातून काय आणि कशासाठी नेता येईल. त्यात मालक कोण हा प्रश्न येतच नाही. वापर कोणाचा, एवढंच. घरच्या चुलीला जळतण नेता येतं, गाडी भरून बाजारात विकता येत नाही. 

माझ्या मते गावाचं नाव हे निस्तारातलं आहे. त्या नावाखाली गावचा माणूस दुकान थाटेल, शाळा चालवेल, कीर्तनाची वेळ टाकेल. पण ते नावच उचलून कोणी विकू नये. तुम्ही दोन कोटींचं शेपूट म्हणता, ते मला मालगुजारीसारखं वाटतं. एक मोठा मालगुजार बसवायचा आणि मग त्याच्याकडून पट्टे घ्यायचे. मालगुजार भला असेल तर ठीक, तलावही बांधेल. त्याच्या पोराचं काय सांगता येतं?

गडचिरोलीत मेंढा-लेखाला सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. जंगल तेच होतं, बांबू तोच होता. पावती कोण फाडणार, एवढंच बदललं. तुमच्या या प्रकारात पावतीपुस्तक कोणतं, ते मला कोणी सांगेल का?


सर्व्हरवाला, बुधवार रात्री ११:५८

काका, नमस्कार. तुमची पोस्ट दोनदा वाचली. पावतीपुस्तक आहे, त्याला झोन फाईल म्हणतात. 

कुठलंही एक डोमेन घेतलं, वर्षाचे सहा-सातशे रुपये, की त्याच्या डावीकडे हवी तेवढी नावं लावता येतात, त्याचे वेगळे पैसे नाहीत. समजा वरूड डॉट काहीतरी डॉट इन. त्यात गटाला एक, शाळेला एक, पानठेल्याला एक. ती यादी म्हणजे झोन फाईल. साधा मजकूर असतो, डावीकडे नाव, उजवीकडे ते कुठं जातं. ती लिहिण्याचा हक्क ज्याच्याकडे त्याच्याकडे पुस्तक.

आणि ही काही माझी कल्पना नाही. अमेरिकेत १९९३ पासून गावांसाठी अशीच रीत कागदावर आहे, गावाचं नाव, मग राज्य, मग डॉट यूएस. जॉन पोस्टेल या माणसानं ती बसवली. तो सगळ्या इंटरनेटचं नावांचं रजिस्टर वर्षानुवर्षं सांभाळायचा, म्हणजे तोही पटवारीच. एकेका गावाचं रजिस्टर तिथल्याच कोणाकडे तरी सोपवलेलं असायचं. आपल्याकडे निक्सीनं, म्हणजे डॉट इन सांभाळणाऱ्या संस्थेनं, डॉट इनच्या आत दिल्ली डॉट इन, बिहार डॉट इन, गुजरात डॉट इन, यूपी डॉट इन असे कप्पे उघडलेत. महाराष्ट्राचा नाही. मागणीच करायची तर ही करा, यात दोन कोटी लागत नाहीत आणि आयकॅनच्या दारातही जावं लागत नाही.

तोटे पण ऐका. एका डोमेनखाली सगळे बसले की एकाच्या पापाचं फळ सगळ्यांना. कोणी त्यातून फसवणुकीचे मेल पाठवले तर पूर्ण गावाचं नाव काळ्या यादीत. कुलपाचं चिन्ह दाखवणारं फुकट प्रमाणपत्र जे बहुतेक लोक वापरतात, लेट्स एन्क्रिप्टचं, त्याला एका डोमेनला आठवड्याला ५० ची मर्यादा आहे. गावाला पुरेल, जिल्ह्याला सुरुवातीला अडेल. त्यावर पब्लिक सफिक्स लिस्ट नावाच्या यादीत नाव घालून घेणं हा उपाय आहे, म्हणजे ब्राउझरला पण कळतं की यातलं प्रत्येक घर वेगळं आहे, एकाच माणसाच्या घरात पाडलेल्या खोल्या नाहीत. ते मी करून देईन.


काळीमाती, गुरुवार सकाळी ७:२०

म्हणजे दोन कोटीवरून सातशे रुपयांवर आले. हा धागा चांगला हाय, असाच चालू राहिला तं उद्यापर्यंत आपल्यालेच पैसे भेटतीन.


पांदणवाट, गुरुवार रात्री १०:१०

काल रात्री गटाच्या बैठकीत काकांची पोस्ट वाचून दाखवली. नझूलवर सगळे चूप बसले, कारण आमच्यातल्या दोघांची घरं नझूलवर आहेत.

माझं आता असं झालं आहे. डॉट अमरावती आपल्या पिढीत नाही होत, अन झालं तरी त्याचं पुस्तक आपल्या हाती येणार नाही. क्वीन्सच्या ज्या लोकांनी २००१ मध्ये ठराव केला त्यांचं पुढचं म्हणणं पण तेच होतं की वस्त्यांची नावं वस्तीच्याच लोकांकडे राहावी, अन न्यूयॉर्कनं अशी शेकडो वस्त्यांची नावं बाजूला काढून ठेवली. म्हणजे एवढं मोठं शहर, त्यालाही शेवटी मोहल्ल्यावरच यावं लागलं. मग आपण मोहल्ल्यापासूनच सुरू करू.

डॉट इनमध्ये आमच्या गावाचं नाव मोकळं होतं. आज दुपारी घेतलं, सरळ दहा वर्षांचं. ग्रामपंचायतीच्या नावावर घ्यावं असं दोघंतिघं म्हणत होते पण बाकीच्यांनी नको म्हटलं, सरपंच बदलला की किल्ली कोणाकडे हे विचारत फिरावं लागते. गटाची नोंदणी झालेली आहे, तिच्या नावावर घेतलं. पहिली तीन नावं ठरली: संत्रा, शाळा, पांदण. पांदण माझ्या हट्टासाठी, रस्ता कोणत्या दिवशी फसतो ते तिथं लिहिणार.

अन जुन्या डॉट कॉमची मुदत पाहिली, ती कोणालाही पाहता येते. रमीवाल्याची मुदत पुढच्या महिन्यात संपून राहिली.


सर्व्हरवाला, गुरुवार रात्री १०:३१

खूष होऊ नका लगेच. मुदत संपल्यावर पण डॉट कॉम लगेच मोकळं होत नाही. ४५ दिवसांपर्यंत सवलत, मग ३० दिवस जुन्या मालकाला जास्त पैसे भरून सोडवता येतं, मग ५ दिवस मिटवण्याच्या रांगेत. आणि मोकळं व्हायच्या सेकंदाला मशीन टपलेल्या असतात. सोडून द्या ते. पेट्यांवर नवा पत्ता छापा.


आर्वीची_लेक, गुरुवार रात्री १०:४०

जुन्या पेट्या उरल्या असतील तर स्टिकर करून घ्या, आम्ही तसंच केलं, रुपयाला एक पडते.


वायफळ_बोलू_नका, गुरुवार रात्री १०:५५

पांदण डॉट तुमचं गाव. मी बोललो होतो न. उघडलं की फसला.


पटवारीकाका, शुक्रवार सकाळी ६:०५

उत्तम झालं. आता तीनच गोष्टी विचारतो. ईमेल कोणाचा लावला, फोन नंबर कोणाचा लावला आणि पासवर्ड कुठं लिहून ठेवला?


पांदणवाट, शुक्रवार सकाळी ६:४०

काका, ईमेल गटाचा नवीन काढला. नंबर माझा अन सचिवाचा, दोघांचे. पासवर्ड गटाच्या ठराववहीत लिहिला, पान ४१, ठराव म्हणूनच लिहिला, खाली सोळा जणांच्या सह्या आहेत. वही कोषाध्यक्षाच्या घरी कणगीवर पासबुकांच्या गठ्ठ्यात आहे.


सर्व्हरवाला, शुक्रवार सकाळी ८:१२

पान नंबर इथं कशाला लिहिला भाऊ